वाचकांचे प्रश्न : पिकअपला इंजिन लहान घ्यावं की मोठं?

प्रश्न : आमचा फरश्या आणि बाथरूमच्या सामानाचा व्यवसाय आहे. रोज जवळच्या जवळ सातशे-आठशे किलो माल जातो. महिन्यातून तीन-चार वेळा मात्र हजार-अकराशे किलो भरून घाट चढावा लागतो. एकाच पिकअपमध्ये १.९ लिटर आणि ३.० लिटर असे दोन डिझेल पर्याय आहेत. लहान इंजिन घेतलं तर घाटात गाडी दम टाकेल का?

उत्तर : लिटरचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी तुमच्या घाटाला किती शक्ती लागते ते काढू, मग ती कोणतं इंजिन देतं ते बघू.

रिकामी गाडी १,८५० किलो, माल १,१००, चालक आणि सटरफटर सामान ५० किलो धरलं तर एकूण ३,००० किलो होतात. चढ आठ टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता आठ मीटर वर जातो. अशा चढावर एकूण वजनाचे आठ टक्के गाडीला मागे खेचतात : २४० किलो. टायर दबत-फिरत जातात त्याचा विरोध वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, तो ३६ किलो धरा. हवेचा अडथळा ताशी ४० किलोमीटरला दहा-बारा किलो आणि ६० ला पंचवीस-तीस किलो. म्हणजे ४० च्या वेगाला एकूण ओढ साधारण २८८ किलो, ६० ला ३०३ किलो.

आता ही ओढ गुणिले वेग, भागिले ३६७ (हा नुसता एककं जुळवणारा आकडा) केलं की चाकांवर लागणारी शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. ४० ला ती ३१ येते, ६० ला ४९.५. इंजिनापासून चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलमध्ये बारा-पंधरा टक्के जातात, म्हणून इंजिनाला ४० च्या वेगासाठी ३६ आणि ६० साठी ५७ किलोवॉट द्यावे लागतात. तुलनेला हेही पाहा : तीच गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर, ताशी ६० ने चालते तेव्हा तिला जेमतेम दहा किलोवॉट पुरतात. रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन ‘मस्त पळते’ असं ठरवण्यात काय चूक होते, ते या दोन आकड्यांत दिसतं.

उदाहरणाला इसुझू डी-मॅक्स घेऊ, कारण त्यात अनेक बाजारांत नेमके हेच दोन आकार मिळत आले आहेत. तिथे साधारणपणे १.९ लिटरचं इंजिन ११० किलोवॉट आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, ३.० लिटरचं १४० किलोवॉट आणि ४५० न्यूटन-मीटर. ५७ किलोवॉट दोघांच्याही आवाक्यात आहेत. फरक आहे तो कोणत्या फेऱ्यांवर मिळतात याचा. टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे), भागिले ९,५४९ म्हणजे त्या क्षणाचे किलोवॉट. लहान इंजिनाचा पूर्ण टॉर्क १,८०० आरपीएमपासून हाताशी येतो. तिथे ६६ किलोवॉट मिळतात, २,००० ला ७३. मोठ्याचा १,६०० पासून येतो आणि तिथेच ७५ मिळतात. म्हणजे दोनशे-चारशे फेऱ्यांचा खेळ आहे. लहान इंजिन तुमचा घाट ६० ने चढेल, फक्त आरपीएमचा काटा २,००० ते २,५०० च्या दरम्यान ठेवायला हवा. त्याखाली सोडला तर टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब पडतो आणि तीच गाडी अडखळते.

लहान इंजिनाची माती इथेच होते, आणि तिचं कारण आकार नसून चालवण्याची सवय असते. डिझेल वाचवायचं म्हणून चालक वरच्या गिअरात राहतो, काटा १,२०० वर येतो, आणि पाय मात्र फळीला टेकलेला. गिअरचा दांडा हातात थरथरायला लागतो, इंजिनाचा आवाज जड आणि घोगरा होतो. त्या क्षणी पिस्टनवर पूर्ण दाब असतो, पण फेरे कमी असल्याने बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ पडलेला असतो. ड्युअल-मास फ्लायव्हीलच्या (इंजिन आणि क्लचमधल्या, धक्के शोषणाऱ्या जड चाकाच्या) आतल्या स्प्रिंगा धक्के खात असतात. हवा अपुरी म्हणून काजळी जास्त होते आणि ती इजीआर वॉल्वमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) नि डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) जाऊन बसते. डिझेलही वाचत नाही. अशा वेळी एक गिअर खाली टाकला की इंजिन मोकळं होतं. आवाज वाढतो म्हणून घाबरू नका, २,२०० आरपीएम हे डिझेलला मुळीच जास्त नाहीत.

तुमच्या वापराला १.९ लिटर पुरेसं आहे, असं आमचं स्पष्ट मत. आम्ही सरसकट एक मोजमाप वापरतो : नेहमीच्या चढावर, नेहमीच्या वेगाला लागणारी शक्ती इंजिनाच्या कमाल शक्तीच्या दोन-तृतीयांशाच्या आत राहावी. ५७ भागिले ११० म्हणजे ५२ टक्के. भरपूर जागा शिल्लक आहे.

पण उद्या मागे दोन टनांचा ट्रेलर जोडणार असाल तर हिशेब पार बदलतो. एकूण वजन ५,००० किलो, मागे खेचणारे ४००, टायरचे ६०, हवेचे तीस. ६० च्या वेगाला इंजिनाकडून जवळपास ९२ किलोवॉट लागतील. लहान इंजिनाचा ८४ टक्के दम त्यात जाईल, मोठ्याचा ६६. ट्रेलर ४० च्या वेगाने न्यायची तयारी असेल तर ५९ किलोवॉटवर भागतं आणि लहानही तग धरतं. रोजचा ट्रेलर आणि वेळेचं बंधन, अशी दोन्ही कारणं असतील तर मोठं घ्या आणि त्यात मन खाऊ देऊ नका.

प्रश्न : मोठं इंजिन जास्त डिझेल पितं हे खरं का? लहान इंजिनावर लोड आला की त्याचंही अॅव्हरेज पडतं असं ऐकलं आहे.

उत्तर : दोन्ही खरं आहे. इंजिन सर्वांत किफायतशीर चालतं ते मधल्या फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी लोडखाली. मोठं इंजिन रिकाम्या गाडीत रेंगाळत चाललं तर स्वतःचेच पिस्टन, रिंगा आणि पंप फिरवण्यात इंधन घालवतं. पेट्रोलमध्ये हा तोटा अधिक, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढायलाही शक्ती जाते. उलट लहान पेट्रोल टर्बो सतत पूर्ण लोडवर असेल, तर पिस्टन नि टर्बो थंड राहावेत म्हणून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, आणि अॅव्हरेज धाडकन कोसळतं. डिझेलला ही खोड नाही, म्हणून माल वाहणाऱ्यासाठी लहान डिझेल हे लहान पेट्रोलपेक्षा पुष्कळ समजूतदार.

आणि हवेचा अडथळा विसरू नका. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हौद्यात केबिनच्या वर जाणारा माल भरून ताशी ९० ऐवजी ७५ ने गेलात, तर हवेविरुद्धची ओढ तीस टक्के कमी होते. इंजिन कोणतंही असो, हा फायदा दोघांना सारखाच.

प्रश्न : जुन्या पिकअपमध्ये पाच सिलिंडरचं ३.२ लिटर होतं. नव्यात कंपनी दोन लिटर देते आणि टॉर्क जास्त आहे म्हणते. दोन लिटर इतका टॉर्क कुठून आणतं? टिकेल का?

उत्तर : तुम्ही फोर्ड रेंजरबद्दल विचारत आहात असं दिसतं. ३.२ लिटर १४७ किलोवॉट आणि ४७० न्यूटन-मीटर देत होतं. दोन टर्बोंचं २.० लिटर १५७ आणि ५०० देतं. आकडे खरे आहेत. टॉर्क हा शेवटी सिलिंडरमध्ये किती हवा कोंबता आणि त्यात किती डिझेल जाळता याचा प्रश्न आहे. लहान टर्बो खालच्या फेऱ्यांत दाब धरतो, मोठा वरच्या फेऱ्यांत. शिवाय जोडीला दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला, त्यामुळे इंजिन नेहमी त्याच्या ताकदीच्या पट्ट्यात ठेवता येतं.

टिकण्याबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. दोन लिटरमधून पाचशे न्यूटन-मीटर काढायचे तर प्रत्येक सिलिंडरमधला दाब आणि टर्बोचं तापमान दोन्ही चढे असतात. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं, पण हयगय त्याला खपत नाही. जुनं मोठं इंजिन काळ्याकुट्ट ऑइलवर, उशिरा सर्व्हिसवर वर्षानुवर्षं ओढत राहायचं. नव्याला तसं वागवून चालणार नाही. चार गोष्टी सांभाळा.

ऑइल : पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून वेगळं अंतर दिलेलं असतं. भरलेली गाडी, ट्रेलर, धूळ, सतत थांबत-चालत जाणं, हे सगळं त्यात मोडतं. ते अंतर पाळा, जाहिरातीतलं नव्हे. ग्रेड आणि प्रत डब्यावर तपासून घ्या. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर राख फिल्टरमध्ये साठते आणि ती कशानेही जळत नाही.

घाट चढून माथ्यावर थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन स्लोवर चालू द्या. लाल झालेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा प्रवाह एकदम थांबला, की उरलेलं ऑइल जळून कोळशासारखं घट्ट बसतं. हे साठत गेलं की टर्बोचा शाफ्ट खेळायला लागतो.

इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप दर सर्व्हिसला हाताने दाबून बघा. क्लिपच्या कडेला तेलकट ओल आणि धूळ चिकटलेली दिसली, तर तिथून दाब गळतोय. गळती वाढल्यावर चढावर ‘सुस्स’ आवाज, काळा धूर आणि ताकद गायब, अशी तक्रार येते. अनेकदा लोक इंजेक्टर बदलण्यापर्यंत जातात आणि शेवटी निघतो एक चिरलेला पाइप.

चौथी गोष्ट एअर फिल्टर. टर्बोला पुष्कळ हवा लागते. मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी तो ठरलेल्या अंतराच्या निम्म्यातच उघडून बघावा.

प्रश्न : दुकान ते गोदाम चार किलोमीटर, दिवसाला आठ-दहा फेऱ्या, माल तीनशे किलोच्या वर कधीच नाही. पुढे धंदा वाढेल म्हणून आत्ताच मोठं डिझेल घेऊन ठेवावं का?

उत्तर : नको. तुमच्या कामाला मोठं डिझेल नुसतं जास्त पडतं असं नाही, ते बिघडेल.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला फिल्टरच्या आत साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिनच नीट गरम होत नाही, मोठं तर आणखी उशिरा. गाडी मग स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळायला घेते, आणि तेवढ्यात तुम्ही गोदामात पोहोचून चावी बंद करता. अर्धवट राहिलेली ही क्रिया पुन्हा पुन्हा होते. ज्या गाड्यांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात, तिथे न जळलेलं डिझेल रिंगांच्या कडेने उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिक काढा : ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली असेल आणि वासात डिझेल असेल तर हेच झालं आहे. ऑइल वाढलं म्हणून आनंद मानू नका, ते पातळ झालेलं आहे. लगेच बदला.

तीनशे किलो आणि छोट्या फेऱ्या यासाठी लहान पेट्रोल योग्य. डिझेलच हवं असेल तर लहान घ्या, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर २,००० आरपीएमच्या वर सलग चालवा. धंदा वाढेल तेव्हा गाडी बदलता येते.

प्रश्न : मोठ्या इंजिनाची गाडी जास्त माल नेऊ शकते ना?

उत्तर : हा गैरसमज फार पसरलेला आहे. ओढण्याची ताकद वेगळी आणि वाहण्याची वेगळी. माल किती न्यायचा हे पाटे, अॅक्सल, चासी, टायर आणि ब्रेक ठरवतात. दोन्ही प्रकारांत गाडीचं कमाल एकूण वजन सारखंच असेल, तर मोठ्या इंजिनाच्या गाडीत माल उलट कमी बसतो.

समजा कमाल एकूण वजन ३,१०० किलो आहे. लहान इंजिनाची रिकामी गाडी १,९२० किलो, मोठ्याची २,०१०. इंजिन, मोठा रेडिएटर, जाड गिअरबॉक्स यांचे हे नव्वद किलो तुमच्या मालातूनच जातात : १,१८० ऐवजी १,०९०. त्यातून केबिनमधली माणसं वजा करा (रिकाम्या वजनात चालक धरला आहे का, हे पुस्तिकेत पाहा), हौद्यावरचं झाकण, हत्यारांची पेटी, लोखंडी जाळी वजा करा. ट्रेलर असेल तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर दाब देतो, तोही मालातच मोजायचा. दोन टनांच्या ट्रेलरने दोनशे किलो खाल्ले.

पूर्ण टाकी आणि नेहमीचं सामान भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी, असे तीन आकडे लिहून घ्या. मालासह पुन्हा मोजा. बहुतेक वेळा एकूण वजन मर्यादेत असतं आणि मागचा अॅक्सल मात्र मर्यादेबाहेर, कारण माल मागच्या फाळक्याजवळ रचलेला असतो. जड वस्तू केबिनला टेकवून ठेवल्या की निम्मा प्रश्न सुटतो.

प्रश्न : लहान इंजिनाची गाडी घेऊन दीड वर्ष झालं. पहिल्यासारखी ओढत नाही, चढावर उचलताना क्लचचा वास येतो. मधल्या काळात रुबाबदार दिसतात म्हणून मोठे टायर टाकले. रीमॅप करून घेऊ का?

उत्तर : थांबा, रीमॅपचा (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा) विचार सगळ्यात शेवटी. उत्तर बहुधा तुमच्या टायरमध्येच आहे.

मूळ टायर २४५/७० आर १६ असेल तर त्याचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. त्या जागी २६५/७५ आर १६ टाकला असेल तर ८०४. म्हणजे व्यास सात टक्क्यांहून जास्त वाढला, आणि जमिनीवरची ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी झाली. समजा डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४.१ असेल, तर तो तुमच्यासाठी ३.८ होऊन बसला. शिवाय टायर जड, तो फिरवायलाच जास्त ताकद. गाडी उचलताना ही कमतरता क्लच घसरवून भरून काढावी लागते, त्याचाच हा वास. स्पीडोमीटरही खरा वेग कमी दाखवत असणार. मोठ्या इंजिनाच्या गाडीला हा बदल एक वेळ पचतो, लहानाला नाही. मूळ मापाचे टायर परत टाका.

तरीही ओढत नसेल तर या क्रमाने तपासा : एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप, डिझेल फिल्टर, इजीआर, आणि ब्रेक धरून राहताहेत का. ब्रेक तपासायला दहा किलोमीटर हलक्या पायाने जाऊन थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच तापलं असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरात १,८०० आरपीएमला एक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा चढतोय आणि वेग तिथेच, असं दिसलं तर क्लच प्लेट घसरते आहे. अशा क्लचवर रीमॅप म्हणजे प्लेटचा शेवट. रीमॅपमध्ये वाढतो तो टॉर्कच, आणि क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स, रेडिएटर हे सगळं मूळ टॉर्कच्या मापाचं असतं. कंपन्या मोठ्या इंजिनाबरोबर बहुधा या गोष्टीही जाड देतात. नुसत्या सॉफ्टवेअरने फक्त इंजिन ‘मोठं’ होतं. वॉरंटीही जाते.

प्रश्न : आमचं काम दोन हजार मीटर उंचीवर आहे. साधं २.७ लिटर पेट्रोल घ्यावं की टर्बो डिझेल?

उत्तर : टर्बो. बिनटर्बोचं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं. तुमच्याकडे ते पाचव्या हिश्शाने कमी भरेल. टर्बो विरळ हवाही दाबून भरतो, त्यामुळे घट बरीच कमी राहते. फक्त दाब जमायला किंचित उशीर लागतो, म्हणून चढावर गाडी उचलताना फेरे थोडे जास्त ठेवा.

प्रश्न : भरलेल्या गाडीने घाट उतरताना मोठं इंजिन जास्त धरतं का?

उत्तर : थोडं जास्त, पण त्या भरवशावर राहू नका. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मिटणारा थ्रॉटल नसल्याने पाय काढल्यावर ते मुळातच कमी धरतं. आकारापेक्षा गिअर महत्त्वाचा. जो घाट तिसऱ्या गिअरात चढता तो तिसऱ्यातच उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाका. वेग पकडल्यावर खालचा गिअर बसवणं कठीण जातं. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) असेल तर तो आधीच चालू करा. पायाचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. थोडा वेळ घट्ट दाबा, वेग उतरवा, सोडून द्या, म्हणजे डिस्क आणि ड्रमला थंड व्हायला वेळ मिळेल. ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर गाडी तिथेच बाजूला घ्या. ब्रेक ऑइल उकळायला लागल्याची ती खूण आहे. हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावा, नाहीतर तापलेला ड्रम थंड होताना आकसून लायनर धरून ठेवतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते बदलूनच पुढचा माल भरा.